ढोलाची मागची गाठ

आमच्या इथल्या घरात ड्रायर गॅरेजमध्ये आहे. त्यात कधी बूट टाकले की ते आतल्या आत आपटत राहतात. धप्प, मग थोडं थांबून धप्प धप्प. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या शांत दुपारी तो आवाज भिंतीतून येतो आणि मी हातातलं काम विसरते. क्षणभर वाटतं, बाहेर धुकं आहे, समोर अर्धवट बांधलेल्या घरांचे लाकडी सांगाडे उभे आहेत आणि माझ्या मागे उभं राहून कोणीतरी म्हणतंय, "श्वास घे."

ते टार्निट होतं. मेलबर्नच्या पश्चिमेला, शहर जिथे संपतं तिथलं. संपतं म्हणजे तेवढ्या आठवड्यापुरतं. पुढच्या आठवड्यात पाहावं तर शहर आणखी एक गल्ली पुढे गेलेलं असायचं. कोविडनंतर देशाच्या सीमा पुन्हा उघडल्या तेव्हाची ती वर्षं होती आणि विद्यार्थी भरभरून येत होते. इंडियन ग्रोसरीत, पेट्रोल पंपावर, ट्रेनमध्ये, सगळीकडे पाठीवर सॅक आणि डोळ्यांत झोप असलेली आपली मुलंमुली दिसायची. मी त्यांच्या थोडी आधी आलेली. माझं मास्टर्स संपलं होतं, सिटीत एका ऑफिसात नोकरी होती आणि एका मराठी जोडप्याच्या घरात मी एक खोली घेऊन राहत होते. त्यातला नवरा ढोल-ताशा पथक चालवायचा. आठवडाभर तो कंप्युटरसमोर बसून हळू आवाजात मीटिंगा करायचा आणि रविवारी सकाळी सगळ्यांचा दादा व्हायचा. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो.

मला पथकात वहिनीने आणलं. "नुसती बघायला चल," असं म्हणून तिने गाडीत घातलं. बघायला आलेल्या माणसाला ढोल बांधतात, हे तिने सांगितलं नव्हतं. मराठी मुलींमध्ये मी इंग्लिश मीडियमवाली आणि इंग्लिश बोलणाऱ्यांमध्ये गप्प बसणारी. ढोलाच्या मागच्या रांगेत मात्र कोणी काही विचारत नाही. एकदा वादन सुरू झालं की बोलायची सोयच नसते. मला ते फार बरं वाटलं आणि मी तिथेच राहिले.

ढोल स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही. तो पोटाशी धरून उभं राहायचं आणि त्याचा जाड सुती पट्टा दुसऱ्या कोणीतरी कमरेभोवती फिरवून मागे गाठ मारायची. आमच्याकडे रीत अशी होती की बांधणारा आधी "श्वास घे" म्हणणार. आपण छाती भरून श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा, तेवढ्यात तो गाठ आवळणार. रिकाम्या छातीवर गाठ बसली की पुढे वाजवताना दम घ्यायला जागा उरत नाही. मी कोणाला सहज हात लावत नाही. कोणी मिठी मारली तर माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. पण गाठ मारायला मला आवडायचं. माणूस पाठमोरा असतो, काही बोलावं लागत नाही, आणि तरीही आपण त्याच्या उपयोगी पडलेलो असतो.

सराव वस्तीच्या टोकाला, एका नव्या कम्युनिटी सेंटरच्या कार पार्कमध्ये व्हायचा. पलीकडे नुसतं माळरान. हिवाळ्यात त्यावर धुकं इतकं खाली बसायचं की कुंपणाच्या तारा हवेत तरंगल्यासारख्या दिसायच्या. सकाळी लवकर आवाज करायचा नाही, ही कौन्सिलची अट होती. म्हणून आम्ही आधी मुका सराव करायचो. ढोल बाजूला ठेवून सगळ्यांनी गोलात उभं राहायचं, दादाने हाताने ठोका दाखवायचा आणि बाकीच्यांनी तो आपापल्या मांडीवर वाजवायचा. पॅडेड जॅकेटं घातलेली पंचवीस-तीस माणसं धुक्यात उभी राहून एका लयीत स्वतःच्या मांड्यांवर थापा मारतायत. कुत्रा फिरवायला आलेली एक आजी दर रविवारी लांबून हे बघायची आणि दर रविवारी तेवढ्याच सभ्यपणे मान डोलवून पुढे जायची.

अशाच एका रविवारी ती मुलगी आली. इचलकरंजीची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला. सनशाइन उपनगरात एका घरात बऱ्याच मुलींबरोबर राहायची. आल्या आल्या, तिकडच्या मुली बोलतात तसं 'आलो-गेलो' करत, दादाला म्हणाली, "मी आलोय ढोल शिकायला. नवीन आहे, पण हात दुखला म्हणून रडणार नाही." दादा म्हणाला, "रडलीस तरी चालेल. लयीत रड." सगळे हसले. तीही हसली, पण तिचं लक्ष ढोलांकडे होतं. मोठ्या दुकानात शिरलेलं लहान मूल जसं हवी ती वस्तू आधीच हेरून ठेवतं, तसं.

त्या वर्षी ढोल कमी आणि विद्यार्थी जास्त झाले होते. नव्या मुलांना एकेकाला जुन्या वादकाच्या हवाली केलं होतं. जुन्याने नव्याला सांभाळायचं, त्याचा ढोल बांधायचा, बोटांना चिकटपट्टी लावायची, जमलं तर स्टेशनवरून आणायचं. ती माझ्या वाट्याला आली. माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक होती. रविवारी सकाळी मी टार्निट स्टेशनबाहेर थांबायचे आणि ती ट्रेनमधून झोपेत चालत बाहेर यायची. शनिवारी ती एका पॅकिंग शेडमध्ये रात्रपाळी करायची आणि थेट तिथूनच यायची. सरावानंतर दुपारी कुठेतरी क्लीनिंगची शिफ्ट असायची. गाडीत आम्ही फारसं बोलायचो नाही. सिग्नलला थांबलो की ती मांडीवर ठोका धरायची आणि माझी बोटं आपोआप स्टिअरिंगवर तिला साथ द्यायची. हिरवा दिवा लागला की दोघी थांबायचो. आमची ओळख अशी, बोलण्याच्या आधी, सिग्नलवर झाली.

हात तिचा चांगला होता. डाव्या हाताची थाप नवीन माणसाची सहसा कच्ची पडते, तिची पहिल्यापासून भरीव होती. ढोल बांधला की ती उंच झाल्यासारखी वाटायची.

मग एका रविवारी मी तिच्या मागे उभी राहून पट्टा फिरवला, "श्वास घे" म्हटलं, गाठ मारली, आणि गाठीखाली पट्ट्याची जी टोकं उरली ती माझ्या अंदाजापेक्षा लांब होती. मी गाठ सैल मारली असेल म्हणून पुन्हा सोडून बांधली. टोकं तेवढीच लोंबली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडी. जॅकेटवरून काही कळत नव्हतं. चेहऱ्यावरूनही नाही, कारण चेहरा ती हसरा ठेवायची. पण पट्टा तोच होता, ढोल तोच होता, आणि बांधणारे हात माझेच होते.

मी काही विचारलं नाही. आपल्याला कोणी असं विचारलेलं मला स्वतःला सहन झालं नसतं. गाडीत फक्त एवढं म्हटलं, "काही खाल्लंयस का?"

"जेवलोय की ओ ताई," ती काचेबाहेर बघत म्हणाली.

सरावानंतर वहिनी सगळ्यांसाठी काहीतरी गरम आणायची आणि गाडीच्या डिकीपाशीच पंगत बसायची. पण त्या मुलीला ट्रेन पकडायची असायची. रविवारी एक ट्रेन चुकली तर दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे डबे उघडायच्या आत ती गेलेली असायची. इतके दिवस मी तिला स्टेशनवर सोडून परत येत होते आणि गार झालेला वडापाव खात होते, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात तोवर नीट बसली नव्हती.

गणपती तीन आठवड्यांवर आले तेव्हा दादाने सलग वादनाची तालीम घेतली. अर्ध्यावर तिच्या हातातलं ढोल वाजवायचं टिपरू गळून पडलं. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी धावत जाऊन गाठ सोडली. ढोल खाली ठेवला, तिला रस्त्याकडेच्या कर्बवर बसवलं. ओठ पांढरे पडले होते. वहिनीने पाणी आणलं.

दादा तिच्या समोर उकिडवा बसला. "हे बघ," तो म्हणाला, "मिरवणूक याच्या दुप्पट आहे. मधेच पडलीस तर ढोल तुझ्या अंगावर येईल. या वर्षी तू झांज घे."

"झांज वाजवायची असती तर घरीच राहिलो असतो की दादा."

"झांज काही हलकी गोष्ट नाही."

"मला ढोलच पाहिजे. नाहीतर मी येतच नाही."

दादा उठून ढोलांच्या दोऱ्या तपासायला गेला. तो चिडला की दोऱ्या तपासतो.

त्या दिवशी स्टेशनच्या पार्किंगमध्ये ती गाडीतून उतरलीच नाही. ट्रेन आली आणि गेली. काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली होती आणि त्यातून प्लॅटफॉर्मपुढच्या सिग्नलचे दिवे मऊ, गोल दिसत होते. मग ती बोलली.

"ताई, आई रोज म्हणती, फोटो पाठव, व्हिडिओ पाठव. मी काय पाठवू? शेडमधली कन्व्हेअर पाठवू? आम्ही गाद्या टाकून झोपतो ती खोली पाठवू? ढोलाचे व्हिडिओ पाठवतो. आई सगळ्या गल्लीला दाखवती. तेवढंच एक खरं पाठवता येतं मला. बाकी सगळं मी बनवून सांगतो."

"आणि जेवण?"

"तेपण बनवून सांगतो." मग ती थोडी हसली. "एकटीसाठी कुकर लावावा वाटत नाही ओ. सगळ्या वेगवेगळ्या वेळी येतात. मी येतो तेव्हा सगळ्या झोपलेल्या. ब्रेड खातो, नाहीतर झोपतो. झोप आणि जेवण दोन्ही नाही होत, एक काहीतरी होतंय."

मी तिला म्हणू शकले असते की माझ्याकडे जेवायला येत जा. ती आली नसती, हे मला माहीत होतं. मीही गेले नसते. माझ्या खोलीत त्या आठवड्यात बरेच तास मी छताकडे बघत पडून राहिले आणि शनिवारी, वहिनी किचनमध्ये मटकी निवडत असताना, दाराशी जाऊन उभी राहिले.

"वहिनी, उद्या आधी खाऊया का? मग सराव?"

वहिनीने वर बघितलं. दोन वर्षांत मी त्या घरात स्वतःहून काही सुचवल्याचं तिला आठवत नसावं. "आधी?"

"थंडी असते. गरम खाल्लं की बरं वाटेल सगळ्यांना."

"चालेल की," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं कारण द्यावं लागेल.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी, धुक्यात, डिकी उघडून वहिनीने मिसळ वाढली. तर्री लाल, फरसाण कुरकुरीत, पाव भाजलेले. पंगतीत सगळेच खात असल्यामुळे त्या मुलीला नको म्हणायला जागा नव्हती. तिने एक वाटी खाल्ली. मग दुसरी घेतली. तिसऱ्यांदा वहिनीने न विचारता वाढलं. मी दुसरीकडे बघत राहिले, पण चमच्याचा आवाज ऐकत होते.

मग ढोल बांधले. आणि पोटभर मिसळ खाऊन, पोटावर ढोल आवळून वाजवायला लागल्यावर काय होतं, हे आमच्या पूर्ण पथकाला एकदमच कळलं. पहिल्या रांगेतून ढेकर आली. ताशावाला वाकडा झाला. कोणीतरी "गाठ सोड, गाठ सोड रे" म्हणत मागे पळालं. दादा स्वतः दोन ठोके वाजवून थांबला आणि ढोलावर हात टेकवून उभा राहिला.

"ही आयडिया कोणाची?" त्याने विचारलं.

वहिनी म्हणाली, "माझी." तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"वरून ढोल, आतून तर्री. इतक्या वर्षांत असं वादन केलं नव्हतं मी."

सगळे हसत होते, पोट धरून, अगदी शब्दशः. तीसुद्धा. तिच्या गालांना रंग आला होता. दादाचं लक्ष तिच्याकडे गेलं, मग रिकाम्या पातेल्याकडे, मग माझ्याकडे. तो दोऱ्या तपासायला गेला. परत येऊन बायकोला म्हणाला, "पुढच्या रविवारी पण आधीच आण. पण मिसळ नको. आणि खाऊन झालं की मुका सराव. तेवढ्यात जिरेल."

तेव्हापासून तो क्रमच झाला. आधी उपमा, केळी, कधी थालीपीठ, मग मांड्यांवरचा सराव, मग ढोल. जाताना प्रत्येक रात्रपाळीवाल्याच्या हातात वहिनी एक डबा द्यायची आणि पुढच्या रविवारी तो धुऊन परत मागायची. डबा परत करायचा म्हणून यावंच लागायचं. असे डबे नेणारी त्या मुलीशिवाय आणखी चार-पाच मुलं निघाली. त्यांच्या पट्ट्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं.

पण मिरवणूक जवळ आली होती आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस भरून येत नाही. मी दादाला म्हटलं, "माझा ढोल तिला दे. अर्ध्यापर्यंत ती वाजवेल, मग मी घेईन."

"चालत्या मिरवणुकीत ढोल बदलणार? ठोका तुटला तर?"

"आम्ही सराव करू."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तू इतकं बोलतेस हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

आम्ही खरंच सराव केला. एकीची गाठ सोडायची, ढोल सरकवायचा, दुसरीला बांधायचा, आणि बाजूच्यांनी ठोका तोवर सांभाळायचा. ती माझी गाठ बांधायला शिकली. पहिल्यांदा तिने मागे उभं राहून "श्वास घ्या ताई" म्हटलं तेव्हा मला जाणवलं, मी सकाळपासून श्वास रोखूनच उभी होते.

मिरवणुकीच्या दिवशी मेलबर्नचं हवामान नेहमीसारखं होतं, म्हणजे सगळंच होतं. ऊन, वारा, मधेच सर, पुन्हा ऊन. पार्कच्या रस्त्यावरून आम्ही निघालो. विसर्जनासाठी पलीकडे मोठा टब भरून ठेवला होता आणि त्याच्याभोवती फुलं तरंगत होती. सगळ्या मुली पांढऱ्या कुर्त्यात आणि भगव्या फेट्यात. मी तिचा ढोल बांधला. टोकांकडे मी मुद्दाम बघितलं नाही. हातांना जे कळायचं ते कळलं.

वादन सुरू झालं आणि मला त्या दुपारचं पुढचं सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. ध्वज फडकतायत पण त्यांचा आवाज नाही. वहिनी टाळ्या वाजवतेय. एक पोरगं बापाच्या खांद्यावर बसून कानांवर हात धरून हसतंय. ती पुढच्या रांगेत, मी तिच्या मागे दोन पावलांवर, हात मोकळे. मोकळ्या हातांनी मिरवणुकीत चालायचं म्हणजे मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

अर्धा रस्ता झाला. दादाने वळून मला खूण केली. मी पुढे सरकले आणि तिच्या गाठीवर हात ठेवला.

तिने मान न वळवता म्हटलं, "थांबा थोडं."

मी थांबले. तिचे खांदे वरखाली होत होते, पण थाप तशीच पडत होती, भरीव. मला पाठीतून तिचा श्वास कळत होता. आत येत होता, बाहेर जात होता, गाठीखाली त्याला जागा होती. दादाने पुन्हा बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो पुढे वळला.

मग मी गाठीवर हात ठेवूनच तिच्या मागे चालत राहिले. वाटलं, आत्ता सांगेल, आता हे झाड आलं की सांगेल, त्या बाकापाशी. ती सांगत नव्हती. टबापाशी आम्ही पोहोचलो, शेवटचा ठोका पडला, एकदम शांतता झाली आणि कुठूनतरी एक मॅगपाय पक्षी ओरडला. त्या वर्षी मी ढोल वाजवला नाही.

गाठ मी सोडली. ती माझ्याकडे वळली, काही बोलणार होती, पण दम लागला होता. मी तिच्या फेट्याचं सुटलेलं टोक आत खोचलं.

वहिनीने काढलेला व्हिडिओ तिने तिथेच गवतावर बसून घरी पाठवला. लगेच आईचा फोन आला. स्पीकरवर होता, त्यामुळे मला ऐकू येत होतं. गल्लीतल्या बायका जमल्या असाव्यात, मागे गलका होता. आई म्हणाली, बारीक झालीस गं. ती म्हणाली, "होय, झालो होतो. आता जेवतोय." या वेळी तिने ते काचेबाहेर बघत म्हटलं नाही.

मग आईने विचारलं, "आणि तुझ्या मागं कोण चाललंय? तोंड दिसत नाही. नुसता हात दिसतोय कमरेवर."

तिने माझ्याकडे बघितलं. मी फोटोत यायचं टाळते हे तिला माहीत होतं. फोन माझ्याकडे वळवला नाही तिने.

"गाठ बांधणारी हाय ती," ती म्हणाली. "ती असल्याशिवाय ढोल बांधता येत नाही."